मिल्काबाईंचं दार

मिल्काबाई थळकर आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि मी गणित, म्हणून आमचं जमलं. एकाच विषयाच्या दोन बाया एका शाळेत सुखानं नांदताना मी तरी पाहिल्या नाहीत. शिवाय राहायलाही आम्ही एकाच गल्लीत. मी साखऱ्याची, कोरडवाहू बांधावरून उठून नोकरीला हिंगोलीत आलेली. त्या कोकणातल्या, समुद्राकाठच्या. एका वर्षासाठी म्हणून आल्या होत्या म्हणे, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. पुढं हिंगोलीचाच जिल्हा झाला तरी बाई इथंच. कोणी विचारलंच, की एवढ्या लांब कशा काय राहिलात, तर म्हणायच्या, "बदली मागायची राहून गेली."

उंच, काटक, सुती साडी, पायात पुरुषी चपला, आणि हिवाळ्यातही हातात छत्री. ती छत्री उन्हापावसासाठी नव्हती, पाट्यांसाठी होती. दुकानाच्या पाटीवर चुकीचं मराठी दिसलं की बाई थांबायच्या, छत्रीचं टोक त्या अक्षराला लावायच्या आणि दुकानदाराला बाहेर बोलवायच्या. हळदीच्या मार्केटसमोर एक पेंटर बसायचा. तो बाईंना लांबून बघितलं की शिडीवरून उतरून चहाला निघून जायचा. वर्गातही तेच. पोरींनी निबंधात आईचे हात चंदनासारखे झिजले वगैरे लिहिलं की विचारायच्या, "तुझी आई काय करते? मिरच्या खुडते? मग हात झोंबतात असं लिही ना. आधी खरं लिहा, मग छान लिहा." पोरी त्यांना टरकून असायच्या, आणि लग्न होऊन गेल्यावर पहिल्यांदा माहेरी आल्या की आईच्या आधी यांच्याकडं यायच्या.

बाई ज्यू आहेत हे गल्लीला कळायला काही महिने गेले. आडनाव थळकर, बोलणं आपलंच, देव दिसत नाही घरात, पण तसं पाहिलं तर माझ्याही घरात नव्हता. शनिवारी सकाळची शाळा करून आल्या की बाई काडेपेटीला हात लावायच्या नाहीत. गॅस नाही, स्टोव्ह नाही, साधी उदबत्ती नाही. समोरच्या कौसाबाईंनी त्याचा अर्थ लावून टाकला, की बाईंना साडेसाती असणार. कौसाबाई मूळच्या शिरड शहापूरच्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांचे मालक रामकिसनराव हळदीच्या मार्केटात हमालांचे मुकादम. तर कौसाबाई दर शनिवारी चहा करून बाईंना नेऊन द्यायला लागल्या आणि एकदा सोबत शनीला वाहायला तेलाची वाटीही घेऊन गेल्या. बाईंनी त्यांना बसवून नीट सांगितलं, की आमचा हा शब्बाथ, देवानंसुद्धा या दिवशी काम केलं नाही. कोकणात आम्ही तेलाचे घाणे चालवायचो, ते शनिवारी बंद ठेवायचो, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. कौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मंग बराबरच हाय की, शनिवार अन् तेल. चहा चालू राहिला.

खाण्याचंही असंच. मटण खायचं तर त्यांच्या पद्धतीनं, त्यांच्या माणसानं कापलेलं पाहिजे. ते मिळायचं मुंबईला. मासा चालेल, पण खवल्यांचा. कुठं त्या भानगडीत पडा, म्हणून बाई वरण-भाकरीवर राहिल्या. गल्लीतले माळकरी त्यांना आपल्यातलंच धरायचे. मी तर घरी मटण शिजलं की बाईंना वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायची. पुष्कळ वर्षांनी कळलं, की बाई मुंबईला नात्यात गेल्या की दोन्ही वेळा मटणच खातात. मला असा राग आला म्हणता. उन्हाळ्यात खिडकी लावून, घामाघूम होऊन मी रस्सा केला तो कुणासाठी? बाईंना बोलून दाखवलं तर हसून म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही वाटण काय घालता ते लपवता."

दाराची गोष्ट त्या गल्लीत राहायला आल्या त्या पहिल्याच वर्षाची. नव्वदीची सुरुवात असेल. एक दिवस बाई शाळेत आल्या नाहीत. घरी येऊन बघते तर दार आतून बंद, खिडक्या बंद. कौसाबाई हाका मारून दमलेल्या. आत माणूस आहे हे नक्की, कारण मधूनच पुटपुटल्यासारखा आवाज यायचा, पण ओ काही देईना. एकटी बाई, परगावची. गल्लीचा धीर सुटला. रामकिसनरावांनी पहार आणली आणि दार बिजागऱ्यांतून उचकटून काढलं.

आत मिल्काबाई पांढरीशुभ्र साडी नेसून चटईवर बसलेल्या. मांडीवर पोथीसारखं पुस्तक. त्यांनी मान वर करून आम्हा सगळ्यांकडं पाहिलं, पहार घेतलेल्या रामकिसनरावांकडं जरा जास्त पाहिलं, आणि परत पुस्तकात डोकं घातलं. एक शब्द नाही. पांढरी साडी बघून कौसाबाईंना वाटलं कोणीतरी वारलं. आम्ही चपला हातात घेऊन मागच्या मागं बाहेर आलो. आता दाराचं काय करायचं? सुतार गावाला गेलेला. रामकिसनरावांनी दार उचलून चौकटीत उभं केलं, आणि ते पडू नये म्हणून त्याला पाठ लावून बाहेर बसले. दिवेलागणीपर्यंत बसले. मार्केटला गेले नाहीत. चांदण्या दिसायला लागल्या तेव्हा आतून आवाज आला, "रामकिसनराव, सरका आता."

तो दार फाळणीचा सण होता. ज्यू लोकांचा सगळ्यात मोठा दिवस. दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, वर्षभरात जे चुकलं त्याची देवाकडं माफी मागायची. घराण्यातले गेलेले लोक त्या दिवशी घरी येतात. बाईंच्या पंचांगात तो चंद्राचा दहावा दिवस, त्यामुळं कधी गणपतीत यायचा, कधी दसऱ्याच्या मागंपुढं. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा, लोकांना भेटायचं. त्या वर्षी बाई सगळ्यात आधी रामकिसनरावांकडं गेल्या आणि बिजागऱ्यांबद्दल त्यांच्यावर तासभर रागावल्या.

पुढच्या वर्षापासून तो सण गल्लीचाच झाला. कौसाबाई आधीच विचारून ठेवायच्या, की औंदा दशमी कोणती. त्या दिवशी बाईंच्या दारासमोर पोरांनी गोट्या खेळायच्या नाहीत, रेडिओ मोठ्यानं लावायचा नाही, दूधवाल्यानं घंटी वाजवायची नाही. कौसाबाई बाईंच्या ओट्यावर मुगाच्या शेंगा नाहीतर वाती घेऊन पहाऱ्याला बसायच्या. उपाससुद्धा धरायच्या. मिल्काबाई म्हणायच्या, तुमचा उपास म्हणजे साबुदाण्याचं जेवण. पण म्हणायच्या ते दुसऱ्या दिवशी, आणि म्हणताना कौसाबाईंचा हात हातात असायचा.

एकदा माझी धाकटी मुलगी तापानं फणफणली. टायफॉइड. उतरेचना. बाईंनी न सांगता त्यांच्या एलियाहू नबीला मलिद्याचा नवस बोलला. पोरगी बरी झाली तेव्हा सांगितलं. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, खजूर, फळं, असं ताट मांडून प्रार्थना करायची. फक्त एक अडचण, म्हणाल्या. अशा प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, डोकं झाकलेले. हिंगोलीत मी एकटीच, आणि मी तर बाई. रामकिसनरावांनी हे ऐकलं. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळेला मार्केटातून दहा हमाल घेऊन हजर. सगळे हळदीनं पिवळेधमक, भुवयासुद्धा पिवळ्या, कोणाच्या डोक्याला टोपी, कोणाच्या रुमाल. ओळीनं मांडी घालून बसले. आपल्याकडून काय चुकतंय याची त्यांना भारी काळजी, त्यामुळं बाईंनी श्वास घेतला तरी हात जोडायचे.

मिल्काबाई एवढ्या हसल्या की त्यांना आत जाऊन तोंड धुवावं लागलं. ज्यू पुरुष लागतात हे सांगायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं. पण परत आल्या, त्या माणसांसमोर बसल्या आणि सगळी प्रार्थना म्हटली, शेवटपर्यंत. मी नंतर विचारलं, चालतं का हे? त्या म्हणाल्या, "एलियाहू नबी एवढ्या लांब हिंगोलीला आला तर दमलेला असेल. तो काय विचारपूस करत बसणार."

त्यांचा धाकटा भाऊ बेन्या, म्हणजे बेंजामिन, तरुणपणीच इस्राएलला गेलेला. तिकडं वाळवंटातल्या एका गावी कारखान्यात नोकरी. त्यांच्यातले पुष्कळ लोक गेले, आणि त्यांनी तिकडं मराठी मासिकही काढलं होतं. बेन्या त्यात गोष्टी लिहायचा. मासिक पोस्टानं यायचं, आणि बाई रविवारी दुपारी ओट्यावर आम्हाला ते वाचून दाखवायच्या. सगळ्या गोष्टी सुटून गेलेल्या कोकणाच्या. नारळी, घाणा, बाप, शब्बाथचा दिवा. आमचे डोळे भरून यायचे आणि बाई मध्येच थांबायच्या. अंगणात नारळ नव्हता, रामफळ होतं. बाबा प्रार्थना करत नव्हते, पत्ते खेळायचे. लाल पेनानं तिथल्या तिथं दुरुस्ती. माणूस एकदा लांब गेला की त्याला मागं सगळं चांगलंच दिसतं, असं म्हणायच्या. रागानं नाही. वाचायला मात्र कधी चुकल्या नाहीत.

मग एकदा जी गोष्ट आली ती त्यांच्यावरच. एका कोरड्या मुलखातल्या गावात राहिलेली बहीण. सगळे निघून गेले, ती एकटी उरली. ती कोण आहे हे गावात कोणाला ठाऊक नाही. दार फाळणीला ती दार लावून घेते आणि बाहेर कोणी थबकतसुद्धा नाही. शेवटी समुद्रापलीकडून भाऊ येतो, दार वाजवतो, ती उघडते, आणि दोघं रडतात. गोष्ट सुंदर होती. खोटं कशाला सांगू, मी रडले.

कौसाबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमी कुटं हाव त्याच्यात?"

मिल्काबाई म्हणाल्या, तो लेखक आहे, त्याला एकटी बाई पाहिजे. कौसाबाई म्हणाल्या, मग दुसरी धुंडाय सांगा. रामकिसनरावांना वेगळंच दुःख. एवढं दार मोडलं, दिवसभर धरून बसलो, त्याचं एक अक्षर नाही? आख्खी गल्ली त्या बेन्यावर नाराज झाली. बाईंनी त्याला कळवलं, की तुझ्या गोष्टीत गल्ली राहिली. त्याचं उत्तर आलं, की गोष्टीला ते चालत नाही; आणि ताई, निवृत्त झालीस की इकडे ये. तिथं तुझ्यामागं प्रार्थना म्हणायला कोण आहे? माती कोण देईल?

हे मात्र बाईंना लागलं. नोकरी संपत आली होती, गुडघे बोलायला लागले होते. हिंगोलीत त्यांच्या लोकांचं कब्रस्तान नाही. एक दिवस शाळेतून येताना मला सरळ म्हणाल्या, "मला इथं जगायची भीती कधीच वाटली नाही. मरायची वाटते." जावं की राहावं, हे त्यानंतर दोन-तीन वर्षं त्यांच्या मनात नुसतं फिरत राहिलं. निवृत्त झाल्या, तरी ठरेना. कौसाबाई विषय निघाला की उठून जायच्या.

आणि मग एका वर्षी बेन्या स्वतःच न्यायला आला. त्यानं काय योजलं होतं ते नंतर कळलं. दार फाळणीच्या आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पोचायचं, आणि तो दिवस बहिणीसोबत बंद दाराआड काढायचा. पण दसऱ्याच्या गर्दीत परभणीहून निघालेली बस औंढ्याजवळ बंद पडली. गडी स्टँडवर झोपला आणि सकाळी मिळेल त्या जीपनं हिंगोलीला आला. सण लागलेला. दार बंद.

त्यानं दार वाजवलं, अगदी त्याच्या गोष्टीतल्यासारखं. कौसाबाई ओट्यावरून उठल्या. काय पायजे? तो म्हणाला, मी बेंजामिन, बाईंचा भाऊ, इस्राएलहून आलोय. कौसाबाईंनी त्याला खालीवर बघून घेतलं.

"भाऊ असा न्हाईतर कोणी असा. आज दार उघडत नसतंय. सांजच्याला चांदण्या दिसल्या की या."

त्यानं समजवायचा प्रयत्न केला, की तो माझाही सण आहे, मला माहीत आहे. माहीत हाय तर वाजवलं काहून, असं कौसाबाईंनी विचारलं. आत पुटपुटणं चालू होतं, ते क्षणभरसुद्धा थांबलं नाही. बिचारा बॅग घेऊन कौसाबाईंच्या शेजारी ओट्यावर बसला. गोरा, टक्कल पडलेला, साठीकडं झुकलेला माणूस. मी चहा विचारला तर नको म्हणाला, पाणीही नको. मग खाली मान घालून सांगितलं, की काल रात्री औंढ्याच्या स्टँडवर भजी खाल्ली, पण इथून पुढं तरी पाळतो.

दिवसभर तो तिथं बसला. कौसाबाईंनी वाती वळता वळता त्याला दाराची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, रामकिसनराव मध्ये मध्ये भर घालत होते. हमालांची गोष्ट आली तेव्हा तो हसला. दुपारी आतून बाईंचा आवाज जरा चढला. त्या काही तरी चालीवर म्हणत होत्या. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, ही बाबांची चाल. मी विसरलो होतो. असं म्हणून रुमाल काढला.

कौसाबाईंनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, की तुमच्याकडं या दिवशी दारापाशी कोण बसतं?

"तिकडं कोणी बसत नाही," तो म्हणाला. "सगळ्या गावाचंच दार बंद असतं. बायको गेल्यापासून माझं दार बंद आहे की उघडं, कोण बघतंय? मुलं लांब. त्यांना मराठी येत नाही, माझ्या गोष्टी घरात कोणी वाचलेल्या नाहीत." कौसाबाईंचा हात वातीवर थांबला. त्या दाराच्या फळ्या पातळ होत्या. पहार लागल्यापासून तर त्यात फटीही होत्या. आतलं पुटपुटणं पहिल्यांदाच थांबलं. मग परत सुरू झालं.

चांदण्या दिसल्यावर दार उघडलं. मिल्काबाई उपासानं पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आम्हाला वाटलं आता दोघं गळ्यात पडून रडतील. त्या त्याला म्हणाल्या, "आत ये, आंघोळ कर. भजी खाल्लीस ना?" मग त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि मी तोंड फिरवलं.

शिळ्या सणाला त्या माझ्याकडं आल्या त्या ठरवूनच. म्हणाल्या, "मी एवढी मराठी शिकवली आणि मला ती गोष्ट वाचता आली नाही हो. त्यातली बाई मी नव्हतेच. तो स्वतःला साडी नेसवून लिहीत होता." मी म्हटलं, म्हणजे जाणार? तर म्हणाल्या, मला इथं माणसं आहेत, त्याला तिथं कोणी नाही. जायला पाहिजे. मातीची सोय होईल हेही आहेच, ते नाही असं कशाला म्हणू. त्यांच्या चेहऱ्यावर किती तरी वर्षांनी सुख दिसत होतं.

कौसाबाई दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शनिवारचा चहा सुनेच्या हाती पाठवायच्या. बाईंचे कागद होईपर्यंत बेन्या इथंच होता. मग एक दिवस हळदीची थैली घेऊन गेल्या आणि बेन्याला म्हणाल्या, बाईंना भाजीत टाकाय सांगा, तिकडली हळद काही खरी नसंल. बेन्यानं ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

निघाले ते छोट्या गाडीनं, पूर्णेला बदलून मुंबई. स्टेशनवर आम्ही गल्लीतली सगळी. रामकिसनरावांनी मार्केटची दोन पोरं सामानाला आणली होती, त्यांना बाईंनी आल्या आल्या शाळा कुठवर केली ते विचारून घेतलं. बेन्या पाण्याची बाटली भरायला नळावर गेला. बाई खिडकीत बसल्या होत्या. माझ्या पोरी काय काय बोलत होत्या, की फोन करा, पुढच्या दिवाळीला याच, आणि बाई नुसत्या मान हलवत होत्या. तेवढ्यात कौसाबाई गर्दीतून पुढं आल्या आणि खिडकीचा गज धरून विचारलं.

"बाई, परत येताव का?"

दुसरं कोणी असतं तर हो म्हणालं असतं. मीच म्हटलं असतं. मिल्काबाईंनी कौसाबाईंच्या हातावर हात ठेवला.

"नाही, कौसाबाई. आता नाही येणार मी."

कौसाबाईंनी गज सोडला. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. न्हाईतर मी रोज वाट बघितली असती."

बेन्या धावत येऊन डब्यात चढला, गाडी हलली. मला बाई शेवटच्या दिसल्या त्या अशा: तोंड आमच्याकडं नव्हतंच. भावाकडं वळून बसलेल्या, त्याच्या हातातली बाटली काढून घेतलेली, आणि त्याला काही तरी सांगत होत्या, बोट वर करून. तो मान हलवत होता, लेकरासारखा. कौसाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. रडतायत की हसतायत ते मला कळेना.

"बघा," त्या म्हणाल्या. "त्याला रागवून राहिली."